पदवीधरांना काम नकोय, की काम द्यायलाच कुणी तयार नाही?

बार्शीकर: काल इथे भोसरीतल्या एका मशीन-शॉपच्या मालकांनी लिहिलं की बी.ई. झालेली पोरं मशीनला हात लावत नाहीत आणि पहिल्याच दिवशी पगार विचारतात. मग काय विचारायचं? माझ्या धाकट्या भावाने मेकॅनिकल करून चाकण, रांजणगावच्या कंपन्या पालथ्या घातल्या. जाहिरातीत 'फ्रेशर', गेटवर गेलं की 'दोन वर्षांचा अनुभव आहे का?' शेवटी मिळाली ॲप्रेंटिसशिप. वर्ष संपलं, हातात सर्टिफिकेट, त्याच्या जागी नवीन बॅच. २०१९च्या नियमांत पदवीधर ॲप्रेंटिसला किमान ९,००० स्टायपेंड ठरला, केंद्राच्या योजनेत त्यातला निम्मा सरकार कंपनीला परत करतं. इतक्या स्वस्तात माणूस मिळाल्यावर कायम कोण करील? मोशीत कॉटचं भाडं आणि मेस भरली की नऊ हजार संपतात.

सीएनसीवाला: तो मालक मीच. मोठ्या कंपन्यांचा राग माझ्यावर काढू नका. कायद्यात छोट्या कारखान्याचं बिल द्यायला ४५ दिवस लिहिलेत, माझी बिलं ९० दिवसांनी निघतात. त्यातून पगार द्यायचा. डिग्रीवाल्याला मायक्रोमीटरवर माप वाचता येत नाही. शिकवलं, की दोन हजारांसाठी शेजारच्या शॉपमध्ये. आयटीआयचा पोरगा आला त्या आठवड्यात मशीनचं सेटिंग करतो.

अभ्यासिका: तुमचे पगार असे, म्हणूनच पोरं सरकारी भरतीच्या अभ्यासाला पुण्यात सदाशिव पेठेत येतात. आणि इथे काय? २०२३च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा, १० लाखांवर अर्ज, फी खुल्या गटाला १,०००, राखीवला ९००. बेरोजगाराकडून हजार रुपये! आमच्याकडे सोयाबीन विकून फॉर्म भरले.

सीएनसीवाला: विषय कामाचा आहे. वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसायचं आणि फीवर रडायचं?

अभ्यासिका: 'रडायचं' हा शब्द मागे घ्या. बाप उन्हात राबतो तेव्हा ते हजार येतात. एका वर्षात तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद असे सगळे फॉर्म भरा, मग बोला.

लातूरची लेक: फीबद्दल शंभर टक्के खरं. परीक्षेचं सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात आलं तर गाडीभाडं वेगळं, मुलीसोबत घरचं माणूस, त्याचंही भाडं. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मी पंचायत समितीत होते. पदवीधराला महिना १०,०००, आधी सहा महिने, मग पाच वाढवले. ऑफिसचं सगळं काम आम्ही केलं. अकरा महिन्यांनी घरी. तो अनुभव खासगीत कुणी धरत नाही.

बार्शीकर: तेच म्हणतोय! सरकार काय, कंपनी काय, शिकाऊ म्हणून राबवतात, नोकरी कुणी देत नाही.

सीएनसीवाला: बरं, फी जास्त आहे, मान्य. ताईंचंही मान्य. पण माझं नुकसान कुणी मोजत नाही. भावाला पाठवा, वर्षभर सोडणार नाही असं लिहून घेईन.

बार्शीकर: देईल लिहून. पगार आणि पीएफ त्याच कागदावर लिहा.

अभ्यासिका: आणि फीचा वेगळा धागा काढा कुणीतरी. सगळ्यांनी आपापल्या पावत्या टाका.