'शॉटगनला नेम लागत नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी

चकतीवाला:
परवा 'स्थिरचित्त' यांनी नवोदितांना सल्ला देताना लिहिले की, हौशी माणसाने पहिले वर्षभर फक्त एअर रायफलच हाताळावी, कारण खरी नेमबाजी तिच्यातच असते. शॉटगनमधून शेकडो छर्रे एकदम सुटतात, त्यामुळे 'एखादा तरी लागतोच'. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसायचे ठरवले होते, पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

छर्ऱ्यांचा हिशेब मला मान्य आहे. २४ ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरच्या आकाराचे सुमारे ३०० छर्रे मावतात. पुढचा हिशेब मात्र त्यांनी केलेला नाही. फुल चोकची, म्हणजे तोंडाशी सर्वात जास्त आवळलेली, नळी ३६ मीटरवर त्यांपैकी साधारण ७० टक्के छर्रे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात टाकते. हवेत उडवलेल्या लक्ष्याचा, म्हणजे चकतीचा, व्यास ११० मिलिमीटर असतो खरा, पण ट्रॅप या प्रकारात ती आपल्यापासून दूर पळत असल्यामुळे बहुतेक वेळा तिची अडीच सेंटिमीटरची कडच काय ती दिसते. स्कीट या प्रकारात मधल्या स्थानकावरून आडव्या जाणाऱ्या चकतीच्या जवळजवळ मीटरभर पुढे नळी असावी लागते, आणि तीही थांबलेली नव्हे, चालती. चाप ओढताना नळी क्षणभर थबकली की सगळे छर्रे चकतीच्या मागून निघून जातात, मग ते ३०० असोत की ३०००.

मी स्वतः चार वर्षे एअर रायफल चालवून शॉटगनकडे आलो. पहिल्या २५ चकत्यांपैकी ३ फुटल्या. प्रशिक्षकांनी काही न बोलता नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, काळी चिकटपट्टी लावली आणि पुन्हा उभे केले. त्या फेरीत ११ फुटल्या. चार वर्षे मी माशीकडे बघायला शिकलो होतो आणि इथे चकतीकडे बघायचे असते, एवढाच तो फरक होता. तेव्हा 'आधी वर्षभर एअर रायफल' हा सल्ला निरुपद्रवी नाही. ती सवय नंतर मोडावी लागते आणि मोडताना फार त्रास होतो.

स्थिरचित्त:
'एखादा तरी लागतोच' हे शब्द घाईत लिहिले गेले, हे मान्य करतो. बाकी एक अक्षरही मागे घेत नाही.

दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा छर्राच नऊपट रुंद आहे. ७५ मिनिटांत ६० बार काढायचे आणि प्रत्येक बाराचा जाब कागद लेखी देतो. चाप झटकून ओढला की छर्रा कुठे गेला, श्वास अर्धवट राहिला की कुठे गेला, हे सगळे भोकांत वाचता येते. चकती फक्त दोनच गोष्टी सांगते, फुटली किंवा नाही फुटली. चुकलेला बार वर गेला, मागे गेला की डावीकडे गेला, हे तुम्हाला तुमच्या मागे उभा असलेला माणूस सांगतो, आणि तोही पुष्कळदा अंदाजाने. अशा विद्येची सुरुवात जिथे चूक दिसते तिथून करावी, की जिथे ती हवेत विरते तिथून?

शिवाय बारा बोअरच्या शॉटगनचा धक्का सहन न झाल्यामुळे चाप ओढण्याआधीच डोळे मिटणारी माणसे मी पाहिली आहेत. ती खोड एकदा जडली की वर्षानुवर्षे जात नाही. आणि २५ पैकी ३ चा दोष एअर रायफलवर ढकलणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे.

दट्ट्या:
दोघेही 'एअर रायफल' असे म्हणत आहात, पण कोणती, ते कोणीच सांगत नाही. शिकवते ती फक्त स्प्रिंगची, नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, भरायची. स्प्रिंगने ढकललेला आतला दट्ट्या पुढे झेपावला की बंदूक मागे येते आणि दट्ट्या दाबलेल्या हवेवर आदळला की ती पुढे जाते, आणि हे सगळे छर्रा नळीत असतानाच घडते. त्यामुळे धरण्यातली बारीकशी चूकही कागदावर उमटते.

मी दोन महिने २५ मीटरवर चार सेंटिमीटरच्या वर्तुळाशी झगडत होतो. दुर्बीण बदलली, छर्रे बदलले, नळी तीनदा पुसली. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी माझी मूठ सोडवली आणि बंदूक उघड्या तळव्यावर नुसती ठेवायला लावली, जसे झोपलेले मूल उचलावे तसे. त्याच दिवशी वर्तुळ दीड सेंटिमीटरवर आले. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक, वापरणाऱ्याला हा धडा कधीच मिळत नाही. त्याला फक्त पंप मारता येतो.

आणि हे लिहितोच आहे तर लिहून टाकतो. खोक्यावर छापलेला 'सेकंदाला १००० फूट'चा आकडा वाचून बंदूक निवडणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की तो आकडा बहुतेकदा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो. ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, कमरेत बारीक असलेला साधा छर्रा डगमगू लागतो. तो वेग तुम्हाला मिळाला तरी नकोच आहे.

दोनशे बार:
पंप मारता येतो म्हणणाऱ्यांना माझ्या दुर्बिणीची हकिगत ऐकवतो. स्प्रिंगच्या बंदुकीवर मी रायफलची चांगली दुर्बीण बसवली आणि तिसऱ्या महिन्यात आतली फुली तुटून लोंबू लागली. साध्या रायफलीची दुर्बीण मागे येणारा धक्का सोसते. तुमचा लाडका दट्ट्या तिला पुढच्या दिशेनेही हिसका देतो, आणि त्यासाठी ती घडवलेलीच नसते. ज्या हत्याराला खास त्याच्यासाठी घडवलेली दुर्बीण लागते, खास पद्धतीने धरावे लागते आणि नेमका तोच छर्रा लागतो, त्याच्यावर शिकण्याला मी तपश्चर्या म्हणेन, प्रशिक्षण नव्हे.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकले ते दाबलेल्या हवेच्या रायफलीने. त्यांनाही फक्त पंपच मारता येत होता, असे म्हणायचे आहे का?

दट्ट्या:
बिंद्रा यांना मध्ये आणू नका. त्यांच्या हातात होती ती बंदूक आणि तुमची रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब कायम राखणारा भाग, नसलेली पीसीपी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाकी २०० बार दाबापर्यंत भरा आणि एका बैठकीत रिकामी करत जा. छर्रा आधी वर चढेल, मग काही काळ एका जागी राहील आणि शेवटी घसरत जाईल. त्या मधल्या वीस-तीस गोळीबारांनाच तुम्ही तुमचे कौशल्य समजता. स्प्रिंग पहिल्या बाराला जशी असते तशीच साठाव्याला असते. आणि पंपातून आत जाणारी दमट हवा टाकीचे आतून काय करते, ते एकदा उघडून बघा.

दोनशे बार:
रेग्युलेटर बसवून आता दोन वर्षे झाली. आपण विचारले असते तर सांगितले असते, पण विचारण्यापेक्षा उचलली जीभ लावली टाळ्याला हे सोपे पडते. दमटपणाचे मात्र खरे आहे, तेवढे पदरात घ्या. स्प्रिंगवर शिकलेला माणूस पीसीपी हातात घेतल्यावर लगेच चांगला मारतो, हेही खरे आहे. पायात वजने बांधून पळणाराही ती सोडल्यावर वेगाने पळतो. म्हणून कोणी लहान मुलाला वजने बांधून चालायला शिकवत नाही.

जुनी काडतुसे:
एवढे लिहून झाले आणि सुरक्षिततेबद्दल एक ओळही नाही. नळी मोडून छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली नसेल आणि चाप सुटला, तर ती झटक्यात मिटते आणि बोट मध्ये सापडते. माझ्या मित्राचे नख कायमचे गेले.

शॉटगनवाल्यांनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्यापेक्षा बारीक असते, म्हणून ते बारा बोअरच्या नळीत घसरते आणि थोडे पुढे जाऊन अडकते. मागून बघितले तर खोबण रिकामी दिसते. माणूस वर बारा बोअरचे भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते, तीही नेमकी पुढच्या हाताजवळ. वीस बोअरची काडतुसे पिवळी करतात ती यासाठीच, शोभेसाठी नव्हे. ज्याच्या खिशात दोन्ही बोअरची काडतुसे एकत्र दिसतील, त्याच्या शेजारी मी उभा राहत नाही, मग त्याची राग मानायची तयारी असो वा नसो.

चकतीवाला:
सूचना योग्य आहे आणि मी ती पाळतो. परंतु धागा शॉटगनचा होता. स्प्रिंग आणि पंप यांच्या घरगुती भांडणात माझा मूळ मुद्दा कधीच वाहून गेला, त्याबद्दल दोन्ही पक्षांचे आभार.

डावा डोळा:
मूळ मुद्द्यावर येते, कारण 'स्थिरचित्त' यांनी तो सल्ला मलाच दिला होता.

मी उजव्या हाताची आहे, पण माझा प्रबळ डोळा डावा आहे. हे मला एअर रायफलवर काढलेल्या तेरा महिन्यांत कळले नाही, कारण डावा डोळा मिटून मी नेम धरत होते आणि कागदावर सगळे ठीक दिसत होते. चूक लेखी दाखवणाऱ्या कागदाने ही चूक दाखवली नाही. शॉटगन हातात घेतल्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि प्रत्येक बार चकतीच्या डावीकडून जाऊ लागला. तीन आठवडे मला 'बंदूक थांबवता आहात' असेच सांगण्यात आले. शेवटी एका बाईंनी माझ्यासमोर बोट धरून ते दोन्ही डोळ्यांनी दाखवायला लावले आणि मग एकेक डोळा झाकला, तेव्हा कोडे सुटले. चष्म्याच्या डाव्या काचेवर बोटाच्या पेराएवढी धूसर पट्टी चिकटवल्यावर चकत्या फुटू लागल्या. पुढे मी डाव्या खांद्यावर गेले, पण तिथे वेगळीच अडचण निघाली: उजव्या हातासाठी वळवलेला दस्ता गालाला लागेना, डोळा नळीच्या रेषेत येईना, आणि शॉटगनमध्ये मागची माशी म्हणजे आपला डोळाच असतो.

तेव्हा 'चकतीवाला' यांना सांगते की, चाप हळू ओढायला मी रायफलवरच शिकले आणि धक्क्याला मी घाबरत नाही, ते त्यामुळेच. 'स्थिरचित्त' यांना एवढेच सांगते की, सल्ला देण्यापूर्वी 'डोळा कोणता?' असे विचारले असते तर माझे तेरा महिने वाचले असते.

स्थिरचित्त:
हे विचारायला हवे होते. यापुढे सल्ला देताना पहिला प्रश्न तोच असेल. तरीही रायफल आधी, हे माझे मत कायम आहे. 'वर्षभर' ऐवजी 'सहा महिने' म्हणतो.

चकतीवाला:
तीन.

स्थिरचित्त:
चार, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून. याखाली येणार नाही.