अनुभव धागा : संगणकाचा पॉवर सप्लाय तपासताना तुम्ही कोणती काळजी घेता?

संगणक सुरू झाला नाही की पहिला संशय पॉवर सप्लायवर जातो. तो तपासण्याची कृती सर्वांना ठाऊक असते, परंतु त्यातील धोक्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हे काम स्वतः करणाऱ्यांनी आपली पद्धत कारणांसह लिहावी, ही विनंती. मी सप्लाय मदरबोर्डपासून पूर्ण सोडवतो, प्लग काढलेला असतानाच २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडतो आणि मगच वीज देतो. पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असे मात्र मानू नये. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत.

पेचकस :
मोजण्यापूर्वी मल्टिमीटरची (व्होल्टेज, प्रवाह मोजण्याच्या मीटरची) लाल तार कोणत्या खाचेत आहे, हे मी दरवेळी पाहते. ती अँपिअरच्या खाचेत राहिली, तर मीटर लावताक्षणी शॉर्ट सर्किट होते. जांभळ्या तारेवर, संगणक बंद दिसत असतानाही, ५ व्होल्ट असतातच. त्यामुळे कनेक्टर काढताना प्लग उपसलेला असणे मला आवश्यक वाटते.

जुना दुरुस्तीकार :
वरील सारे झाकण न उघडता करण्याचे काम आहे, आणि बहुतेकांनी तेथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतील मुख्य कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, तर अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या सप्लायमध्ये हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. हा भार उतरवण्यासाठी बसवलेला रेझिस्टर निकामी झालेला असेल, तर प्लग काढून बराच वेळ गेला तरी कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो. त्यामुळे किती मिनिटे थांबलो यावर मी विसंबत नाही. योग्य क्षमतेच्या रेझिस्टरमधून तो रिकामा करतो आणि मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत हात घालत नाही. पेचकसाने दोन्ही टोके जोडून ठिणगी पाडण्याची रीत मला मुळीच मान्य नाही (वरच्या सदस्यांनी नावावरून राग मानू नये). स्थिर विजेपासून सुट्या भागांना वाचवणारा मनगटी पट्टाही उघड्या, चालू सप्लायजवळ घालू नये, कारण तेथे आपले शरीर अर्थला जोडलेले असणे हाच धोका असतो.

फ्यूजवायर :
जुन्या सप्लायच्या मागे ११५/२३० असा लाल खटका असल्यास तो आधी पाहावा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ११५ वर राहिला, तर कपॅसिटर फुटू शकतात.

तिसरी पिन :
मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणारा) सप्लाय बदलताना जुन्या केबली तशाच ठेवण्याचा मोह होतो. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी सर्वत्र सारखी नसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यास हार्ड डिस्क जळते. म्हणून मी नव्या सप्लायसोबत आलेल्याच केबली वापरतो आणि डिस्क जोडण्यापूर्वी त्यांच्या टोकाशी व्होल्टेज मोजतो.