ज्या मुलाची नोंदच नाही, त्याने आसरा कुठे मागायचा?

धरमपेठकर
एक जुना निकाल वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका चिनी जोडप्याच्या मुलाचं प्रकरण आलं. मूल जन्मलं ते तिथल्याच स्थलांतरितांच्या कोठडीत. चीनमध्ये परत गेलं असतं तर एक-अपत्य धोरणाबाहेरचं म्हणून 'हुकोउ'त, म्हणजे घरनोंदणीत, त्याचं नाव चढणं मुश्कील. हुकोउ नाही तर शाळा, दवाखाना, पुढे नोकरी, सगळंच अडतं. तिकडे अशा मुलांना 'काळी मुलं' म्हणतात. कोर्ट म्हणालं, १९५१ च्या निर्वासित करारातला 'विशिष्ट सामाजिक गट' म्हणून ही मुलं धरता येतात, म्हणजे त्या नात्याने त्यांना परदेशात आसरा मागता येतो. मला हे शंभर टक्के पटतं. सरकारच जाणूनबुजून नोंद नाकारत असेल, तर त्या लेकराला आसरा मिळालाच पाहिजे.

इतवारीवाला
काहून बाप्पा? कागद नसणं म्हणजे छळ नाही. माझ्या आजीची जन्मनोंद नव्हती, तिचं कुठे अडलं? युनिसेफने २०२४ मध्ये सांगितलं की पाच वर्षांखालची १५ कोटी मुलं नोंदीविना आहेत. सगळ्यांना निर्वासित म्हणायचं का? कायदा आईबापांना माहीत होता. शिवाय चीनने २०१६ च्या सुरुवातीला सगळ्यांना हुकोउ द्या असा आदेश काढला. दुरुस्ती घरातच झाली ना!

धरमपेठकर
आजींची नोंद राहून गेली, कोणी नाकारली नव्हती. मी बोलतोय ते नाकारण्याबद्दल. आणि घरातली दुरुस्ती यायला पस्तीस वर्षं लागली. २०१० च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३० लाख लोक हुकोउविना निघाले. त्यांचं बालपण कोण परत देणार? आईबापांनी नियम मोडला म्हणता, पण जन्माला येताना त्या पोराने कोणता नियम मोडला? कोर्टाने मुलाकडे आईबापांपासून वेगळं पाहिलं, हेच मला त्या निकालातलं सगळ्यात मोठं वाटतं.

बेड्यावरची_ताई
उमरेड रोडकडे एका पारधी बेड्यावर शिकवते. तिथे बाळंतपणं घरीच होतात. जन्माला वर्ष उलटलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्या माऊलीने मजुरी बुडवून किती खेटे घालायचे? गेल्या पावसाळ्यात एकीला खिडकीवरून सांगितलं, आधी तुझा स्वतःचा दाखला आण. तिचाही नव्हता. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच लागणार. म्हणून दादा, 'राहून गेली' आणि 'नाकारली' यांतली रेघ तुम्ही म्हणता तितकी सरळ नाही. पण आसरा हा शेवटचा उपाय. आधी नोंदणी दारात आली पाहिजे, इथे मी इतवारीवाल्यांच्या बाजूने.

मेडिकल_चौक
एक गोष्ट सुटतेय. नोंद नाही म्हणजे वयाचा पुरावा नाही. परदेशात आसरा मागताना मूल म्हणून वेगळं संरक्षण असतं, पण सोळाचा मुलगा अठराचा ठरवला की ते गेलं. वय ठरवायला मनगटाचा एक्सरे काढतात. मी रोज हेच फोटो वाचतो. हाडावरून वय नेमकं कळत नाही. आपली कोर्टंसुद्धा दोन वर्षं इकडेतिकडे धरतात. शंकेचा फायदा मुलालाच द्या.

इतवारीवाला
वयाचं मान्य. पण सरकारने नाकारलं की आईबाप गेलेच नाहीत, हे आसरा देणाऱ्या देशातला अधिकारी ठरवणार कसं? नकार कोणी लेखी देतं का?

धरमपेठकर
देत नाही, आणि म्हणूनच सगळा पुरावा मुलाकडे मागणं चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची मार्गदर्शिकासुद्धा तपासाची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी दोघांवर टाकते. मुलाच्या मूळ देशात अशा मुलांचं काय होतं, हे अधिकाऱ्याने शोधावं. ताईंच्या बेड्यावरच्या त्या आईला खिडकीवरून जे सांगितलं, तेही कुणी लिहून दिलं नव्हतंच.