'सोसो'ला मराठीत काय म्हणाल? बोळवण, पाठवणी, मूठमाती की आणखी काही?

रात्रपाळी:
'फ्रीरेन' (जपानी अ‍ॅनिमे, फ्रीरेन ही त्यातली दीर्घायुषी जादूगारीण) दुसऱ्यांदा बघायला घेतलंय. या वेळी आजी सोबत असते. तिला इंग्रजी सबटायटल्स कळत नाहीत, म्हणून आधी मी थांबवून थांबवून सांगायचो. ते दोघांनाही नकोसं झालं, तेव्हा मराठी सबटायटल्स स्वतःच टाइप करायला लागलो. सात भाग झाले. आठव्यावर गाडी अडलीय, तीही पहिल्याच ओळीवर, म्हणजे भागाच्या नावावर.

मालिकेचं जपानी नाव 'सोसो नो फ्रीरेन' (दोन्ही 'सो' लांबवायचे). आठव्या भागाचं नावही अक्षरशः तेच. इंग्रजीवाल्यांनी मालिकेला 'बियॉन्ड जर्नीज एंड' केलं आणि आठव्या भागाला 'फ्रीरेन द स्लेयर'. एका शब्दाची दोन शकलं. पण आठव्या भागाची सगळी मजा त्या एका शब्दात आहे! सात भाग आपण समजत असतो की मागे उरलेली, एकेकाला निरोप देणारी म्हणून हिला हे नाव. आठव्यात कळतं, नाव दैत्यांचं आहे. इतिहासात सर्वांत जास्त दैत्य मारले म्हणून त्यांनी ठेवलेलं.

तर मला दोन्ही ठिकाणी चालेल असा एकच मराठी शब्द हवाय. सध्या 'बोळवण करणारी फ्रीरेन' लिहिलंय. धाकट्या भावाने वाचलं आणि विचारलं, "कोणाला कटवलं तिनं?"

ता. क.: पहिले चार भाग एका बैठकीत बघा, माझं ऐका. जपानमध्येही २९ सप्टेंबर २०२३ ला ते चारही एकाच रात्री सलग दाखवले होते. हिम्मेलची, म्हणजे तिच्या जुन्या सोबत्याची, पन्नास वर्षं एका झटक्यात निघून जातात ते पहिल्यांदा बघताना मला घाई वाटली होती. या वेळी वाटलं, तिला ती तशीच दिसली असणार. हजार वर्षं जगलेल्या बाईला पन्नास म्हणजे किती?

कानामात्रा:
भावाला सांगा, दोष शब्दाचा नाही, वर्तमानपत्रांचा आहे. 'आश्वासनांवर बोळवण', 'तुटपुंज्या मदतीवर बोळवण' हे वाचून वाचून पिढीच्या पिढी समजून बसली की बोळवण म्हणजे वाटेला लावणे. मूळ अर्थ निघालेल्याला सोबत करून प्रेमाने निरोप देणे. तुकोबांनी तर 'बोळविला देह' म्हटलंय. आणखी काय हवं? शब्द ठेवाच. आपणच वापरला नाही तर तो आणखी बिघडेल.

आणि 'सबटायटल्स' नव्हे, उपशीर्षकं.

चकवा:
उपशीर्षक म्हणजे शीर्षकाखालचं छोटं शीर्षक. पात्रांचे संवाद पडद्यावर खाली येतात त्यांना कोणी उपशीर्षक म्हटलं की मला ती पात्रं निबंध वाचून दाखवतायत असं वाटतं.

बाकी 'सोसो' म्हणजे सोसणे नाही का? सोसलेली फ्रीरेन. झालं काम.

उपद्व्यापी:
जपानीची एन-३ परीक्षा दिलीय, तेवढ्या अधिकारात बोलतो. 'सोसो'मध्ये दोन अक्षरं आहेत. उच्चार दोन्हींचा 'सो', पण चिन्हं वेगळी. पहिल्याचं क्रियापद 'होमुरु': पुरणे, अंत्यसंस्कार करणे. पण त्याचा दुसरा अर्थ कायमचा निकाल लावणे, गाडून टाकणे असाही होतो. दैत्यांवालं वाक्य याच क्रियापदावर उभं आहे. दुसऱ्याचं 'ओकुरु': पाठवणे. पार्सल पाठवतात तेही ओकुरु आणि पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जातात तेही ओकुरु. जपानीत एक जुना शब्द आहे 'नोबेओकुरि', प्रेताबरोबर माळापर्यंत जाणं. तिथेही हेच ओकुरु.

म्हणजे रात्रपाळी, तुझा शब्द पहिल्या अक्षराने मारतो आणि दुसऱ्याने सोबत जातो. इंग्रजीवाल्यांना शकलं करावी लागली यात त्यांचा दोष नाही.

गंमत म्हणून सांगतो, 'प्रक्षेपण'साठीचा जपानी शब्द 'होसो', त्यातलं 'सो' हे हेच दुसरं अक्षर आहे.

रात्रपाळी:
हे फारच कामाचं आहे. मग 'मूठमाती' कसा? मूठमाती देणे हा प्रेतसंस्कारही आहे आणि संपवणेही. मूठमाती देणारी फ्रीरेन.

जुनीपाटी:
मूठमाती आता माणसांना कुठे देतात? तत्त्वांना देतात, स्वप्नांना देतात, दिलेल्या शब्दाला देतात. 'फ्रीरेनने मूठमाती दिली' वाचलं की मी विचारेन, कशाला?

बोळवणीबद्दल: माझी आत्या म्हणायची की बोळ ओलांडेपर्यंत सोडायला जायचं म्हणून बोळवण. वाड्यातून निघालेला माणूस बोळाच्या तोंडाशी वळून हात करणार, तोवर घरच्यांनी आत यायचं नाही.

कानामात्रा:
ताई, चित्र सुंदर आहे, पण व्युत्पत्ती अशी नसते. जुन्या मराठीत 'बोळावा' म्हणजे वाटेचा सोबती, राखण करत नेणारा. गुजरातीत 'वळाववुं' म्हणजे सोबत करून निरोप देणं, लेकीला सासरी धाडताना वापरतात तेच. 'व'चा 'ब' झालेला दिसतो. गल्लीबोळाचा संबंध नाही.

जुनीपाटी:
असेल. आत्या गुजराती शिकलेली नव्हती, आणि तुम्ही आमचा बोळ पाहिलेला नाही.

चकवा:
व्युत्पत्त्यांचा सेल लागलाच आहे तर माझी घ्या. हिम्मेल = हिम्मत + मेळ. फ्रीरेन = फिरेन. "मी फिरेन." ती आख्खी मालिका फिरतच असते.

उपद्व्यापी:
नावं जर्मन आहेत रे. हिम्मेल म्हणजे आकाश, स्वर्ग. फ्रीरेन म्हणजे गोठणे, थंडीने काकडणे. आयझेन लोखंड. हायटर म्हणजे आनंदी, आणि तो धर्मगुरू दारू पिऊन कायम तसाच असतो. पण 'फिरेन' मला आवडलं.

जुनीपाटी:
एक साधी गोष्ट कोणी बोलत कसं नाही? आपण मयताला काय करायला जातो? *पोचवायला* जातो. "पोचवून आलो", "पोचवायला किती माणसं होती". पाठवणी नाही, बोळवण नाही, पोचवणं.

चकवा:
ताई, दंडवत. आणि दुसरी बाजू: "त्याला वर पोचवला." म्हणजे खलासच. एका क्रियापदात दोन्ही झालं की! 'पोचवणारी फ्रीरेन'.

शिवाय ती पोचलेली आहेच. हजार वर्षं वय, मंत्रशक्ती दाबून धरायची आणि समोरच्याला गाफील ठेवायचं. दहाव्या भागात आउराचं जे होतं ते बघा. पाचशे वर्षांची दैत्यीण, तराजूत शक्ती मोजायला जाते आणि स्वतःच अडकते. पोचलेल्या बाईशी तराजू घेऊन बसू नये.

आणि पहिल्या भागात तिला पोच नाही. हिम्मेलच्या अंत्यविधीला कोरड्या चेहऱ्याने उभी.

रात्रपाळी:
थांबा. मला आता आठवलं. पहिल्या भागात तिथेच आजी म्हणाली होती, "पोचवायला आलेल्या माणसानं असं उभं राहायचं असतं का?" मी तेव्हा पुढच्या ओळीचं भाषांतर डोक्यात जुळवत होतो, लक्षच दिलं नाही. (पुढच्याच मिनिटाला फ्रीरेन रडते, माणसं अल्पायुषी असतात हे माहीत असून मी त्याला आणखी जाणून का घेतलं नाही म्हणून. आजी मग गप्प झाली.)

कानामात्रा:
माझा विरोध नोंदवून ठेवा. 'पोचवणारी' म्हणजे डबे पोचवणारी की पत्रं? संदर्भाशिवाय शीर्षक उभं राहायला हवं. 'वर पोचवला' ही तर गुंडांची बोली. ज्या मालिकेत एक माणूस गेल्यावर त्याच्या आवडीच्या निळ्या फुलांचा आख्खा भाग होतो, तिला हे नाव?

उपद्व्यापी:
पण काका, जपानी ओकुरुलाही पार्सल चालतं, वर सांगितलंच. तिथे कोणाला डबे आठवत नाहीत.

कानामात्रा:
कारण पुढे पुरण्याचं अक्षर जोडलेलं आहे. तुमचं पोचवणं एकटं आहे. मी म्हणतो, जोड द्या: 'अखेरची बोळवण'.

चकवा:
'अखेरची बोळवण' म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हातावर टेकवलेला शेवटचा हप्ता.

तिळपापड:
मी फक्त वाचत होते, पण सातव्या भागाचं विचारायचंय. रात्रपाळी, तुम्ही त्यातल्या 'ओकासान'चं काय केलंत? पकडलेली दैत्याची पोर मरायच्या बेतात 'आई' म्हणते आणि लोकांचा हात आखडतो. पुढे फ्रीरेन तिला विचारते की तुमच्यात आई ही भानगडच नसते, मग हा शब्द का? आणि ती सांगते, तो उच्चारला की तुम्ही मारायचं थांबता म्हणून. मला आख्ख्या मालिकेत सगळ्यात अंगावर आलेली जागा ही. शब्द आहे, त्याच्या मागे काही नाही.

रात्रपाळी:
मी नुसतं 'आई...' लिहिलं. आणि फसलो. आजीला वाटलं, लागलं म्हणून विव्हळतेय.

तिळपापड:
तेच! आपण ठेच लागली की 'आई गं' म्हणतो, तेव्हा आईला हाक मारत नसतो. जपानी माणूस कळ आली की 'इताई' म्हणेल. त्यांच्यात ओकासान म्हटलं की आईच. आपल्या 'आई'त दोन्ही मिसळलेलं आहे, त्यामुळे मराठीत ती पोर खोटं बोलतेय की नुसती कण्हतेय, हे ठरतच नाही.

चकवा:
म्हणजे आपणही दैत्यच. अर्थ नसताना शब्द वापरतो.

कानामात्रा:
'आई गं'ला अर्थ नाही हे कोणी ठरवलं? माझी आई जाऊन एकवीस वर्षं झाली. परवा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला तेव्हाही मी तिलाच हाक मारली. विनोद करा, पण जरा जपून.

चकवा:
माफ करा काका. मनात तसं नव्हतं.

तिळपापड:
मी असते तर 'आई, ये ना' लिहिलं असतं. मूळात 'ये' नाही हे माहीत आहे, पण हाक आहे हे कळतं.

उपद्व्यापी:
मूळात नसलेलं घालायचं नाही. 'आईऽ' असा अवग्रह दे, हाक होईल.

रात्रपाळी:
आजी अवग्रह वाचेल यावर माझा विश्वास नाही. 'आई, ये ना' घेतो.

शेवटचा_बाक:
मध्येच घुसतो. वर कोणीतरी 'मालिका' म्हणतंय, रात्रपाळी 'घेतलंय' म्हणतोय. अ‍ॅनिमे तो, ती की ते? आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस गेले. मी 'ती अ‍ॅनिमे' म्हणतो, सिरीज म्हणून.

तिळपापड:
'ते अ‍ॅनिमे'. केळे, डोळे, अ‍ॅनिमे.

कानामात्रा:
डोळे पुल्लिंगी आहे. एकवचन डोळा.

चकवा:
मग एकवचन अ‍ॅनिमा. तो अ‍ॅनिमा, ते अ‍ॅनिमे. माझं मत यालाच.

उपद्व्यापी:
जपानीत लिंगच नाही, त्यामुळे तिथून उत्तर मिळणार नाही. आणि तिथे अ‍ॅनिमे हा 'अ‍ॅनिमेशन'चाच तुकडा आहे, कुठल्याही देशाचं असो, त्यांना सगळं अ‍ॅनिमेच. 'फक्त जपानी' हा अर्थ जपानबाहेर चिकटला. तेव्हा शुद्ध-अशुद्ध ठरवायला आपण कोणाकडे जाणार?

कानामात्रा:
'चलच्चित्रमालिका' म्हणा, लिंगाचा प्रश्न मिटतो.

शेवटचा_बाक:
काका, एवढं बोलेपर्यंत ओपनिंगचं गाणं संपतं.

जुनीपाटी:
मूळ प्रश्नाचं काय झालं? बाळा, ठरलं का?

रात्रपाळी:
तात्पुरतं 'पोचवणारी फ्रीरेन' टाकलंय, मालिकेच्या नावाला आणि आठव्या भागालाही. रात्री आठवा भाग लावला. दैत्य ते नाव घेतो तिथे मी मुद्दाम आजीकडे बघत होतो. तिने काही म्हटलं नाही. भाग संपल्यावर विचारलं, नाव कसं वाटलं? म्हणाली, "नावं कोण वाचतं? तू अक्षरं मोठी कर."

अक्षरं मोठी केली तर 'पोचवणारी फ्रीरेन' एका ओळीत मावत नाही. 'बोळवण करणारी फ्रीरेन' तर मुळीच नाही.

चकवा:
'सोसो' मावतंय.

कानामात्रा:
घालायचंच असेल तर निदान 'पोहोचवणारी' लिहा. 'पोचवणारी' हे बोलण्यातलं झालं.

जुनीपाटी:
पार्सल पोहोचवतात हो. मयताला पोचवतात.

कानामात्रा:
दोन्ही एकच धातू आहे, ताई.

जुनीपाटी:
असेल.