क्लास न करता ब्लाऊज शिवते, आता शिलाई वाढवू का? आणि गाळा घेऊ का?

बार्शीची_शिलाई

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, शेवटी आज लिहितेच. मी बार्शीत राहते, वय ३४. शिवण मी कुठल्या क्लासला जाऊन शिकले नाही. आईचं पायमशीन होतं, त्यावर उशीचे अभ्रे, परकर असं करत हात बसला, मग स्वतःचे जुने ब्लाऊज उसवून त्याचे तुकडे पेपरवर ठेवून आखायचे आणि तसंच बेतायचं. कटोरी आणि प्रिन्सेस कट यूट्यूबवर बघून शिकले, एकेक व्हिडिओ दहा दहा वेळा थांबवून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मास्क शिवून दिले तेव्हा पहिल्यांदा हातात स्वतःचे पैसे आले, मग गल्लीतल्या बायका ब्लाऊज घेऊन यायला लागल्या, आता महिन्याला चाळीसच्या आसपास होतात, लग्नसराईत त्याहून जास्त.

अस्तरचा ब्लाऊज मी २५० ला देते, अस्तर माझंच. सहा महिने झाले वाढवायचं म्हणतेय पण तोंडातून निघत नाही. समोरची बाई म्हणाली की "अगं तू कुठे क्लास केलायस" तर काय बोलू, हीच भीती. आणि नात्यातल्यांचं तर विचारू नका. घरातलंच आहे ना म्हणून तीन तीन ब्लाऊज ठेवून जातात, न्यायला येतात तेव्हा चहा होतो, गप्पा होतात, शिलाईचं नाव कोणी काढत नाही.

आता मंडईजवळ एक छोटा गाळा मिळतोय, भाडं ४५०० आणि डिपॉझिट ३०,०००. मिस्टर म्हणतात घे, सासूबाई म्हणतात घरातच कर. मला स्वतःला घ्यावंसं वाटत होतं पण मागच्या महिन्यात एक प्रकार झाला आणि त्यानंतर माझा धीरच गेलाय.

ओळखीतल्या एका मुलीचं लग्न होतं, पैठणीवरचा ब्लाऊज माझ्याकडे दिलेला. पैठणीचा पीस साडीतलाच असतो, चुकला तर दुसरा आणायचा कुठून. शिवून झाला, घालून बघितला, अंगात अगदी छान बसला. मग तिची आई सहज म्हणाली की हार घालताना हात वर कर बघू, आणि तिने हात वर केला तर अख्खा ब्लाऊज खालून वर आला, हात खांद्याच्या वर जाईचना. दुसऱ्या दिवशी हळद होती. मी रात्री दोन्ही बाह्या उसवल्या, बाहीच्या काठातून उरलेला बोटभर तुकडा होता तो बगलेत जोडला, सासूबाई शेजारी टॉर्च धरून बसल्या होत्या. दीडला संपलं. हात वर गेला तिचा. पण रेशमावर उसवल्याची भोकं राहिली ती मला दिसतात, तिला दिसली की नाही माहीत नाही, मी शिलाई घेतली नाही. तेव्हापासून भारी साडीचा ब्लाऊज आला की कात्री लावायला हात थरथरतो.

तर माझे प्रश्न: शिलाई वाढवू का, गाळा घेऊ का, आणि ते मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाचं, नक्की काय चुकतंय? मला मुंढा घट्ट वाटला की मी अर्धा इंच खाली कापते, तरी असं का होतं?

टेलरकाका_कराड

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. माझं दुकान ३१ वर्षांचं आहे, आणि माझ्या हाताखाली जेवढी पोरं शिकली त्यातली प्रत्येकजण ही चूक करते, क्लास केलेली पण. मुंढा घट्ट लागतो म्हणून खाली कापायचा, पुन्हा घट्ट लागला की अजून खाली. पण मुंढा बगलेपासून जितका खाली जाईल तितका हात उचलताना बाजूची शिलाई बाहीबरोबर वर ओढली जाते, म्हणून ब्लाऊज अख्खा वर येतो. हात खाली असताना तो छान बसलेलाच दिसणार, म्हणून आरशासमोर चूक कळत नाही. मुंढा बगलेच्या जवळच पाहिजे.

मग घट्ट का लागतं तर बहुतेक वेळा मुंढा नाही, बाही अरुंद असते. दंडाचा घेर घेता का मापात? सगळ्यात जाड भागावर टेप फिरवा, आणि बाहीचा वरचा गोल उंच न ठेवता थोडा बसका करून बाही रुंद बेता, हात मोकळा होतो. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरायचा, मागचा नाही. मागचा गळा खूप खोल असेल तर शोल्डर कमी ठेवा नाहीतर खांद्यावरून उतरतो आणि मग बाई दोरी आवळते आणि त्याने पुन्हा मुंढा ओढतो.

तुम्ही बगलेत तुकडा जोडला ना, त्याला आमचे जुने लोक चौबगला म्हणायचे. सदऱ्याला, अंगरख्याला तो मुद्दाम बेतून लावायचे, हात फिरावा म्हणून. कोणी न सांगता रात्री दीड वाजता तुम्हाला तो सुचला. क्लासचं काय घेऊन बसलात.

रेघ_आणि_टीप

काका बरोबर बोलले. ताई मी इचलकरंजीची, मी पण स्वतःच शिकलेय. भारी साडीसाठी मी काय करते सांगते, हे केल्यापासून माझा हात थरथरायचा थांबला. आधी फक्त अस्तर बेतायचं, नुसत्या अस्तराचा ब्लाऊज मोठ्या टिपेने कच्चा शिवायचा आणि गिऱ्हाइकाला घालायला लावायचा. हात वर, हात पुढे, खाली वाकायला सांगायचं, खुर्चीत बसायला सांगायचं. जिथे ओढतं तिथे अस्तरावरच खडूने खूण करायची. मग ते अस्तर उसवायचं, इस्त्री करायची, आणि तेच पैठणीवर ठेवून कापायचं. म्हणजे रेशमावर सुई एकदाच जाते. अस्तराला भोकं पडली तर पडू देत. याला एक चक्कर जास्त लागते पण नवरीची आई दहा चकरा मारायला तयार असते हो.

आणि अस्तर आधी भिजवता ना? कॉटन अस्तर तासभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं, चुण्या पडतात, बाई म्हणते शिलाई बिघडली. टू बाय टू कापडाचं पण तेच. रेशमाला नवीन ११ नंबरची सुई, जुनी बोथट सुई धागे ओढते. बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडा, तुमचं गिऱ्हाईक वर्षाने तोच ब्लाऊज सैल करायला तुमच्याकडेच आणेल.

हिशेबी_मावशी

मला शिवणातलं फार कळत नाही, पण पैशाचं बोलते कारण मी वीस वर्षं पापड-मसाल्याचा धंदा केला आणि पहिली पाच वर्षं अशीच लाजत घालवली.

ताई वही घ्या. अस्तर ६५ चं धरा, दोरा हूक कॅनव्हास १५, म्हणजे ८० गेले. २५० मधून १७० उरले. आता एक अस्तरचा ब्लाऊज, माप घेण्यापासून हूक-काजं करून इस्त्री करेपर्यंत, तुम्हाला खरा किती वेळ लागतो? चार तास तरी लागत असतील. म्हणजे तासाला साडेबेचाळीस रुपये. यात मशीनचं तेल, लाईट, डोळे, पाठ काही धरलं नाही. आणि गाळ्याचं ४५०० भाडं १७० ने भागा, २७ ब्लाऊज होतात. महिन्याचे पहिले २७ ब्लाऊज तुम्ही गाळामालकासाठी शिवणार, वरचे तेरा तुमचे. हे बघा आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर आधी शिलाई ३५० करा, सहा महिने घरातूनच करा, गाळ्याचे ४५०० दर महिन्याला तुम्हीच वेगळे काढून ठेवा. सहा महिने ते निघाले तर गाळा झेपतो असं समजा आणि तोवर २७,००० जमलेले असतील, डिपॉझिट जवळपास तुमचंच.

नात्यातल्यांना तोंडाने सांगायला जमत नाही तर भिंतीवर बोर्ड लावा. साधा ब्लाऊज इतके, अस्तर इतके, कटोरी, प्रिन्सेस, फॉल-पिको, अल्टर, सगळे दर लिहून. "कापड देताना अर्धे पैसे" ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात. बोर्ड सगळ्यांना सारखाच बोलतो, त्याच्यावर कोणी रुसत नाही.

दुकानवाली_नाशिक

मी थोडं वेगळं सांगते. मी तीन वर्षं घरात शिवलं, कोणीही रात्री नऊला पण येऊन बसायचं, पोरांचा अभ्यास, स्वयंपाक, मधेच मापं. गाळा घेतल्यावर वेळ ठरली, अकरा ते सात, आणि तीच बाई जी घरी दोनशेला घासाघीस करायची ती दुकानात न बोलता द्यायला लागली. त्यामुळे गाळा वाईट असं नाही. पण मावशींचा हिशेब बरोबर आहे, मी घेतला तेव्हा एक बाई हेमिंग आणि हूकला ठेवली होती म्हणून झेपलं. एकटीने नाही झेपत. आणि लग्नसराईवर भाडं ठरवू नका. आषाढापासून लग्नं थांबली की गौरी-गणपतीपर्यंत हात रिकामे राहतात, त्यात मी शाळेचे युनिफॉर्म आणि बाळाची झबली-टोपडी, कुंच्या करते, त्यावर ते दिवस निघतात.

अजून एक, पीएम विश्वकर्मा योजनेचं बघा. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत त्यात शिंपीकाम आहे. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्याचे दिवसाला ५०० मिळतात, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर आणि हवं असेल तर पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्क्यांनी. घरातल्या एकालाच मिळतं. ट्रेनिंग झालं की सर्टिफिकेट पण मिळतं, म्हणजे तुमचा तो "क्लास केलायस का" चा प्रश्न सुटला. सीएससी सेंटरला, म्हणजे सरकारी फॉर्म ऑनलाइन भरून देतात त्या केंद्रात, आधार घेऊन जा आणि आपल्या भागात सध्या शिंप्यांचे फॉर्म घेतायत का ते विचारा. व्हॉट्सॲपवर मोफत शिलाई मशीनच्या लिंक फिरतात त्यावर आधार, बँकेचं काही भरू नका. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी पण करून घ्या, सरकारी साइटवर ती फुकट असते, कोणी पैसे मागितले तर उठून या.

बार्शीची_शिलाई

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. काकांचं चौबगल्याचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या त्यांच्या वडिलांच्या सदऱ्याला असायचा तो.

मावशी, मी वेळ लावून बघितला. साडेचार तास लागले. मी कधी मोजलंच नव्हतं. गाळ्याला सध्या नाही म्हणून सांगितलं, मिस्टरांना हिशेब दाखवला तर तेच म्हणाले थांबू. एक विचारायचं राहिलं, आईचं पायमशीन आता जड चालतंय, मोटरचं मोठं घ्यायचं तर कुठलं घ्यावं?

टेलरकाका_कराड

कंपनी कुठली पण चालेल, ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावात आहे ती घ्या. फक्त मोटर सर्व्हो आहे का बघा. जुनी क्लच मोटर तुम्ही टीप मारत नसलात तरी फिरत राहते, लाईट खाते आणि घरात आवाज. सर्व्हो पाय दाबला की चालते, स्पीड कमी करता येतो, नवीन हाताला ते बरं. मोठ्या मशीनची सुई वेगळी असते, घरच्या मशीनच्या सुया त्यात बसत नाहीत, एकदम दोन पाकिटं आणून ठेवा. आईचं मशीन विकू नका. काजं, हूकपट्टी, कुठे दोन टाके धरून मारायचेत तिथे पायमशीनसारखा ताबा मोठ्या मशीनवर येत नाही.

बार्शीची_शिलाई

विकणार नव्हतेच काका.

दोन आठवड्यांनी लिहितेय. बोर्ड लावला, पुतण्याच्या हाताने लिहून घेतला, दारातून आत आलं की समोरच दिसतो. अस्तर ३५०. पहिल्या दिवशी मी आतच बसून राहिले, बाहेर कोण काय बोलतंय ऐकत. शेजारच्या काकूंनी वाचला, "वाढवलेस होय" म्हणाल्या आणि पाकिटातून पावणेदोनशे काढून मशीनवर ठेवले. मावससासूबाईंनी कापड परत नेलं, त्याचं वाईट वाटलं पण रडले नाही.

आणि काल एक कांजीवरम आली. अस्तर आदल्या रात्री भिजवलं, दंडाचा घेर घेतला, १२ आला, माझ्या जुन्या सवयीने मी बाही साडेअकराची बेतली असती. मुंढा खाली कापला नाही, हात दोनदा कात्रीकडे गेला पण नाही कापला. कच्चं अस्तर घालून त्यांना हात वर करायला सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात वर केले, कमरेशी ब्लाऊज जागचा हलला नाही. मग म्हणाल्या, अजून काय करू, फुगडी घालू? मी म्हटलं घाला.

आज सकाळी कांजीवरम कापली.

रेघ_आणि_टीप

सुई नवीन लावली ना?

बार्शीची_शिलाई

हो, ११ नंबर.