डिस्क लेथवर घासून वापरायची की सरळ नवी टाकायची?

खिंडवळण :
गाडी पोर्शे केमन एस, २०१० ची, ९८७ पिढीतली. पुढच्या ब्रेक डिस्क ३१८ मिमी व्यासाच्या, छिद्रं पाडलेल्या. नव्या असताना जाडी २८ मिमी, झिजेची मर्यादा २६. आज मोजून भरतात २६.५. पॅड संपत आलेत, त्यामुळे काम उघडावं लागणारच. तक्रार अशी की शंभराच्या आसपास ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. छिद्रांच्या कडेला केसासारख्या भेगा आहेत, पण एका छिद्रातून दुसऱ्यापर्यंत पोचलेली एकही नाही.

अशा वेळी दोन सल्ले ठरलेले. एक, लेथवर हलका हात मारा आणि नवे पॅड टाका. दुसरा, पॅडबरोबर डिस्क बदलायच्याच, मोजायची भानगड नको. दुसऱ्या सल्ल्याने निम्म्या मालकांचा खिसा विनाकारण कापला जातो, असं माझं मत. तरीही या गाडीला नव्या डिस्कच हव्यात. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

लेथमास्तर :
भांडतो. दोन्ही बाजूंनी ०.१५ काढलं तरी २६.२ उरतात, म्हणजे मर्यादेच्या आत. थरथर कशाने? डिस्कच्या जाडीतल्या फरकाने. दोन-तीन शतांश मिलिमीटरसुद्धा हाताला कळतात आणि लेथ नेमका तोच फरक काढतो. डिस्क गाडीवरच ठेवून घासणारं मशीन मिळालं तर हबच्या (चाक आणि डिस्क जिथे बसतात त्या भागाच्या) हिशेबानेच सरळ होते, आणखी उत्तम. बारीक भेगा छिद्रांच्या डिस्कला येतातच. चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भंगारात घालून, परदेशातून पार्सल येईपर्यंत गाडी घोडीवर (उचलून धरणाऱ्या स्टँडवर) उभी ठेवायची, हे कुठलं शहाणपण?

निळा_डाग :
मास्तर, वजाबाकी बरोबर आहे, निदान चुकलंय.

पहिली गोष्ट, २६ हा डिस्क फेकून देण्याचा आकडा आहे. तिथून सुरुवात करायची नसते. २६.२ च्या डिस्कवर कोरे पॅड चढवलेत तर पॅड अर्धे झिजायच्या आत डिस्क मर्यादेखाली जाईल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. मजुरी दोनदा, पॅडही वाया.

दुसरं, २८ मिमी म्हणजे सगळं धातू नव्हे. मधे हवेची पोकळी आहे. झीज होते ती फक्त बाहेरच्या दोन चकत्यांची, त्यामुळे २ मिमीची घट कागदावर वाटते त्यापेक्षा बरीच मोठी. धातू कमी म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी. खंडाळ्याचा घाट उतरताना हा फरक कागदावर राहत नाही.

तिसरं आणि मुख्य. अशा थरथरीत डिस्क ‘वाकलेली’ क्वचितच असते. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटतो. घाट उतरून गाडी टोलनाक्यावर ब्रेक दाबून उभी केली की पॅडचा ठसाच उमटतो. त्या जागी घर्षण वेगळं, तापमान वेगळं. बीड साधारण ६५०-७०० अंशांच्या वर गेलं की तिथे सिमेंटाइट तयार होतं, आजूबाजूच्या धातूपेक्षा कितीतरी कडक. निळसर डाग दिसतो तो हाच. हलक्या हातात लेथची टीप, म्हणजे कापणारं टोक, त्यावरून घसरते, डाग खाली खोल तसाच राहतो. भोवतालचा मऊ भाग पुन्हा झिजतो आणि काही महिन्यांत थरथर परत. शिवाय छिद्रांवर टीप दर वेळी अडखळते, पृष्ठभागावर लहरी उठतात.

सावकाश_चला :
दोघंही घाईत आहात. ते २६.५ मोजलं कशाने? साध्या व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या काठावर न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. मला तरी हा आकडा संशयास्पद वाटतो.

खिंडवळण :
मायक्रोमीटर. काठापासून १० मिमी आत, आठ ठिकाणी. सर्वांत कमी २६.५०, सर्वांत जास्त २६.५४.

सावकाश_चला :
मग ठीक. पण डिस्क उतरवल्यावर हब तपासा. हबच्या कडेला ०.०५ मिमी गंजाची पापडी राहिली तर डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत तो तिरकेपणा दुप्पट होतो. कोकणपट्टीत, चार महिने आच्छादनाखाली उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास. नवी डिस्क त्याच गंजावर बसवलीत तर काही हजार किलोमीटरांत तीही थरथरायला लागेल आणि दोष डिस्कच्या कंपनीला. तारेच्या ब्रशने हब चकचकीत करा, डिस्क बोल्टने आवळून डायल गेज (फिरताना डिस्क किती डगमगते ते दाखवणारं माप) लावा. ०.०५ च्या आत आलं नाही तर डिस्क एक भोक फिरवून पुन्हा बघा.

लेथमास्तर :
हबचं मान्य. सिमेंटाइटचं प्रत्येक डिस्कला लागू नाही. निळे डाग नसतील, जाडी २७ च्या वर असेल आणि नुसता पॅडचा थर असेल तर लेथही नको नि नवी डिस्कही नको. ८० वरून २० पर्यंत सात-आठ दणदणीत ब्रेक मारले तरी पुष्कळदा थर निघतो. या गाडीत ०.०४ चा फरक आहे आणि जाडी उरलेली नाही, तेव्हा बदला. पण ‘पॅडबरोबर डिस्क’ हा नियम करू नका.

टॉर्करेंच :
बदलणाऱ्यांसाठी, जिथे काम फसतं तेवढंच.

डिस्क हबला दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. ते गंजून बसतात. साध्या पेचकसाने जोर लावलात की खाच गोल, मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, नवे स्क्रू आधीच आणून ठेवा, बसवताना १० न्यूटन-मीटर पुरे.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) सोडण्याआधी ब्रेकच्या धातूच्या नळीची पट्टी सोडा, नाहीतर नळी पिळवटते. कॅलिपर तारेने वर टांगा, रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या पाठीला चिकटणारे, पिस्टनमध्ये बसणारे, आवाज दाबणारे डॅम्पर असतात. जुने उपटून काढावे लागतात. ते नवेच टाका, कारण नंतरची किंचाळी बहुतेक तिथूनच येते.

पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढा. ओसंडलं तर रंग खातं. दोन वर्षं झाली असतील तर याच कामात सगळंच ऑइल बदलून डॉट ४ दर्जाचं भरा. डॉट ५ नाव जवळचं असलं तरी ते सिलिकॉनचं, इथे चालत नाही.

डावी-उजवी डिस्क वेगळी आहे. छिद्रांची नक्षी बघून ठरवू नका, आतल्या पोकळीतले पंख बघा. गाडी पुढे जाताना पंख बाहेरच्या टोकाला मागे झुकलेले हवेत, तरच हवा बाहेर फेकली जाते. उलट बसल्या तरी ब्रेक लागतात, म्हणून चूक लवकर कळत नाही. डिस्क नुसत्या तापत राहतात.

नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरचे बोल्ट नवे, ८५ न्यूटन-मीटर. चाकाचे १३०, पण ९८१ या पुढच्या पिढीपासूनच्या गाड्यांना १६०. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

रात्रपाळी :
नव्या घ्यायच्याच आहेत तर छिद्रांच्या का? साध्या चकत्या किंवा खाचांच्या घ्या. आजचे पॅड पूर्वीसारखा वायू सोडत नाहीत. छिद्र म्हणजे भेगेला जन्म द्यायची जागा. ट्रॅकवर नेणाऱ्याने तर विचारच करू नये.

निळा_डाग :
ट्रॅकपुरतं एकदम मान्य. पण ही गाडी रस्त्यावर चालते आणि इथे पाऊस चार महिने. ओल्या डिस्कवर पहिल्या दाबाला छिद्रांचा प्रतिसाद लवकर येतो. भेगा दर सर्व्हिसला बघा : दोन छिद्रं जोडली किंवा भेग काठाला भिडली की जाडी कितीही असो, डिस्क बाद.

रात्रपाळी :
पहिल्या दाबाचा फरक चांगल्या पॅडने भरून निघतो. विकताना ‘मूळचा माल’ दाखवायचा असतो, म्हणून छिद्रं घेतात लोक. तसं म्हणा की.

पिवळा_कॅलिपर :
सिरॅमिक डिस्कलाही हीच मायक्रोमीटरची पट्टी का?

टॉर्करेंच :
नाही. पोर्शेने सिरॅमिक डिस्क २००१ च्या ९११ जीटी२ पासून दिल्या. त्या जाडीने फारशा झिजत नाहीत, आतला कार्बन जळून हलक्या होतात. किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं : धुऊन, पूर्ण वाळवून वजन करायचं. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेला आपटून टवका उडतो, म्हणून दोन बोल्टच्या जागी लांब मार्गदर्शक दांड्या लावूनच चाक ओढा. टायरवाल्याच्या पोराच्या भरवशावर सोडू नका.

सावकाश_चला :
नव्या डिस्क आणि पॅड एकमेकांना सरावावेत म्हणून सुरुवातीला जे ब्रेक मारायचे, त्यासाठी एक्सप्रेसवे निवडू नका, मागे ट्रक असतात. पहाटेचा मोकळा रस्ता बघा. पूर्ण थांबायचं नाही, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट सोडायचं, शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवायची.

खिंडवळण :
पुढच्या जोडीने बदलतोय, डावी-उजवी दोन्ही. आता मागच्याही काढा म्हणणारे येतीलच. त्या नव्या २४ मिमीच्या, मर्यादा २२, आणि आज २३.३ भरतात.

लेथमास्तर :
हात लावू नका त्यांना. पुढेमागे काढाल तेव्हा लक्षात ठेवा, हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या आतच असतात. हँडब्रेक सोडून, बोल्टच्या भोकातून शूंचा ताण ठरवणारी दातेरी चक्री सैल केल्याशिवाय डिस्क हातोडीने ठोकत बसाल.