विषाणू‘मुळे’ गाठ की गाठीमागे विषाणूचा ‘हात’?

प्रश्न: एका आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करतेय. मथळा दिलाय ‘मेंदूतील अर्बुदनिर्मितीत विषाणूंची संभाव्य भूमिका’. वाचताना दाताखाली खडा येतो. दुसरं काही सुचतंय का? आणि ‘अर्बुद’ ठेवू की ‘गाठ’?

उत्तर: भूमिका नटाची असते, नाहीतर पुढाऱ्याची. ‘हात’ म्हणा की!

त्यावर: ‘हात आहे’ म्हटलं की आरोपपत्रच दाखल झालं. ‘हात असावा’ म्हणा. शंका क्रियापदातच मुरलेली आहे, वेगळं ‘संभाव्य’ कशाला? मात्र ‘विषाणूमुळे’ लिहू नका. 2002 साली मेंदूचे शल्यविशारद चार्ल्स कॉब्ज आणि सहकाऱ्यांना ग्लायोमा नावाच्या मेंदूतल्या गाठींत सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू आढळला. पुढे काही प्रयोगशाळांना तो मिळाला, काहींना अजिबात नाही. तसाही हा विषाणू कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात गपगुमान पडून असतो. चोरीच्या जागी घरातलाच माणूस दिसला, एवढंच. इथे ‘आढळला’ हेच प्रामाणिक क्रियापद.

‘मुळे’ कुठे शोभतं तेही सांगतो. एसव्ही-40 हा माकडांचा विषाणू. 1960 मध्ये तो सापडला, पण 1955पासूनच काही पोलिओ लशींतून माणसांत गेला होता, कारण त्या लशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. ‘हॅम्स्टरच्या मेंदूत एसव्ही-40मुळे गाठी होतात’ हे बिनधास्त लिहा, प्रयोगात झाल्यात. माणसांबद्दल मात्र नको. ती लस टोचलेल्यांच्या पाहण्यांत कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. उलट एड्सच्या रुग्णांना मेंदूत जो लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, होतो, त्यात एपस्टाइन-बार विषाणू जवळजवळ प्रत्येक वेळी असतो. तिथे मी ‘मुळे’ खोडणार नाही.

अर्बुदाबद्दल: शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी वेगळी, अर्बुद वेगळं. अबूचा पहाडही अर्बुदाचल, आणि जुन्या मोजणीत अर्बुद म्हणजे दहा कोटी! पण आमच्या आत्याला डॉक्टर ‘ट्यूमर’ म्हणाले, आणि तिने घरी फोन करून सांगितलं, ‘डोक्यात गाठ निघालीय’. अर्बुद कुणाच्याच तोंडी आलं नाही.

शंका: पण पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तीही गाठच ना?

उत्तर: म्हणून ‘मेंदूतली गाठ’ असं पूर्ण लिहायचं. मग अवधाणाशी घोटाळा कोण करेल?

प्रश्नकर्ती: ‘मेंदूतल्या गाठींमागे विषाणूंचा हात असावा का?’ असं करून पाठवलं. संपादकांनी ‘संभाव्य’ परत घातलंय. ‘असावा’च्या आधी.